पॅसेजमधला पांढरा माणूस

“हे भूत नाही, ताई. हा कोळी आहे,” भूतकाकांनी जाहीर केलं, आणि समोर बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंचं तोंड एवढंसं झालं.

बाईंच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात एक पांढरा, केसाळ गोळा दिसायचा. बंद दुकानात शिलाई मशीनवरून तरंगत जायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा निघायचा. कामाला असलेल्या दोघी मुलींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाकडे फिरकल्याच नाहीत.

“अहो काका, एवढा मोठा कोळी?”

“मोठा कसला? नखाएवढा असेल. कॅमेऱ्याच्या काचेवरच बसलाय. तुमच्या डोळ्यासमोर मी बोट धरलं तर अख्खी भिंत झाकली जाईल की नाही? तसंच. घरी जा, फडक्याने काच पुसा आणि तुमच्या भुताला झाडूने बाहेर काढा.”

बाई हसल्या, पण जरा हिरमुसल्याही. भुताच्या जागी कोळी निघाला की माणसाला सुटल्यासारखंही वाटतं आणि फसल्यासारखंही. काकांना याची सवय होती. जन्म फोटो स्टुडिओत गेला होता त्यांचा. स्टुडिओ बंद पडल्यावर कुणाच्या तरी फोटोतला ‘आजीचा आत्मा’ हे खिडकीच्या काचेतलं टॉवेलचं प्रतिबिंब आहे, असं त्यांनी सहज दाखवून दिलं, आणि तेव्हापासून जो तो आपलं भूत घेऊन त्यांच्या दारात. भूतकाका हे नाव गल्लीनेच पाडलं. काकांना ते आवडायचं, पण वरवर कुरकुर करायचे.

त्यांची पद्धत साधी होती. डोकं चालेनासं झालं की त्याच जागी, त्याच अंधारात, त्याच कॅमेऱ्यासमोर एक जिवंत माणूस उभा करायचा आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायची. “भुताला जोडीदार दिला की ते पळ काढतं,” असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

बाई गेल्या तशी कोपऱ्यात मुकाट बसलेली लेक पुढे सरकली. ती पलीकडच्या भागात राहायची आणि सुट्टीच्या दिवशी आईवडिलांकडे यायची. आज आल्यापासून तिचं कशात लक्ष नव्हतं.

“बाबा, हे पण बघा ना एक. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडचं आहे.”

“आण. आज भुतांचा बाजारच भरलाय.”

अरुंद पॅसेज होता. टोकाला बंद दार. रंग कशालाच नाही, सगळं राखाडी. दाराकडे तोंड करून एक उंच, वाकलेला माणूस उभा होता, गळ्यापासून कमरेपर्यंत पांढराफटक. तो हलत नव्हता. मग त्याचा एक हात वर गेला आणि दारावर टेकला. मग मान सावकाश वळली. चेहरा पुसून टाकल्यासारखा सपाट होता, आणि डोळ्यांच्या जागी दोन चकाकते ठिपके. तिथे व्हिडिओ संपला.

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि भिंग काढलं.

“धूळ नाही. काचेतलं प्रतिबिंबही नाही, कारण त्याच्यामागे दाराची चौकट झाकली जातेय. कुणी दोन चित्रं चिकटवली म्हणावं तर सावलीही पडलीय. डोळ्यांचं काही विशेष नाही, अंधारात मांजराचे चमकतात तसे कॅमेऱ्यात माणसाचेही चमकतात.”

“मग काय आहे?”

“माणूस आहे. जिताजागता.” काकांचा आवाज खाली आला. “अगं, भूत असतं तर बरं होतं! तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, आजच्या आज कुलूप बदल. तिच्या घरात कुणीतरी शिरतंय आणि अंधारात दाराशी उभं राहतंय. त्या दाराआड कोण झोपतं?”

लेक ओठ चावत होती. “बाबा, जागा बघा ना. नीट बघा.”

काकांनी भिंग पुन्हा लावलं. दाराच्या खालच्या फळीवर एक खोक होती, तिरकी. स्टुडिओतलं सामान घरी आणताना कॅमेऱ्याची जड तिवई त्यांच्याच हातून तिथे आपटली होती. त्यावरून बोलणीही खाल्ली होती.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते काकांना त्या क्षणी कळलं.

“हे आपलं घर आहे?”

“हो.”

“आणि कॅमेरा?”

“मीच लावला. पॅसेजमधल्या कपाटावर. आई घाबरायला लागली होती, बाबा. म्हणून.”

काका उठले ते थेट पुढच्या दाराकडे. कुलूप तपासलं. मागचं दार पाहिलं, खिडक्यांचे गज एकेक करून हलवून पाहिले. सगळं जिथल्या तिथे. बाहेरून मांजरसुद्धा शिरलं नसतं. आता त्यांना आठवायला लागलं. काकू हल्ली आतल्या खोलीत वेगळ्या झोपत. ‘तुमचं घोरणं ऐकवत नाही,’ म्हणत आणि आतून कडी लावून घेत. काकांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. घोरणाऱ्याला बाहेर ठेवायला कडी कशाला लागते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाहेरून कोणी आलेलं नाही. मग आत कोण आहे?

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, आणि या वेळी त्यांना तो खांदा दिसला. डावा खांदा खाली, मान थोडी पुढे. ही ढब त्यांच्या ओळखीची होती. वडील शेवटी शेवटी असेच उभे राहायचे. वडिलांना जाऊन किती वर्षं झाली!  काका खुर्चीत बसले, म्हणजे पडलेच.

“तुझे आजोबा आहेत गं ते,” ते पुटपुटले. “आयुष्यभर लोकांना हसलो मी. आणि माझ्याच घरात...”

“बाबा, नाही हो! असं नका ना म्हणू!” लेकीला रडू फुटलं.

आवाज ऐकून काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आल्या. फोनकडे एकदा पाहिलं आणि लेकीवर चिडल्या. “दाखवू नकोस म्हटलं होतं ना तुला?”

“तू पाहिलंयस त्याला?” काकांनी विचारलं.

“पाहिलंय.”

“कोण आहे?”

काकू पदराला हात पुसत राहिल्या.

“ठीक आहे,” काका म्हणाले. “नका सांगू. उभं राहून बघू.”

“कशाला त्या परीक्षा? राहू द्या हो.”

“लोकांच्या घरी करतो, मग आपल्या घरी का नको? पडदे ओढा सगळे.”

भर दुपारी घरात काळोख झाला. लेक म्हणाली, मी उभी राहते. काका म्हणाले, तू बुटकी, उंची जुळायला पाहिजे, मीच राहतो. धंद्याचं बोलायला लागल्यावर त्यांना जरा धीर आला होता. रात्रंदिवस अंगात असणाऱ्या काळ्या स्वेटरकडे त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. “असं नाही जमायचं. तो पांढऱ्या कपड्यात आहे. एखादी पांढरी चादर दे गं.”

“चादर नको,” काकू म्हणाल्या. “आहात तसेच उभे राहा.”

अंधारात त्यांचा चेहरा दिसला नाही. पण त्या आवाजाने काकांच्या काळजात धस्स झालं. ते भिंत चाचपत पॅसेजच्या टोकाला गेले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. आपल्याच घरातलं, रोजचं दार. हात वर करून त्यावर टेकवला. लाकूड गार लागलं. मग मान वळवली.

“झालं, बाबा,” लेक म्हणाली.

फोनवर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. दोन पांढरी माणसं, दोन खाली आलेले डावे खांदे, दोन सपाट चेहरे. कुठलं आधीचं आणि कुठलं आताचं हे लेकीला विचारावं लागलं.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. ते नेहमीच्या सुरात बोलायला लागले, समोर कुणी शिवणकामवाल्या बाई बसल्यासारखे. “अंधारात हा कॅमेरा आपल्याला न दिसणारा उजेड टाकतो. त्या उजेडात त्याला रंग कळत नाहीत. काही काळे कपडे चक्क पांढरे दिसतात. लोक फसतात ते इथेच. पांढरा माणूस शोधत बसतात, आणि तो खरं तर आपल्याच काळ्या...”

पुढचं वाक्य आलंच नाही.

“मला काहीच आठवत नाही,” शेवटी ते म्हणाले. “झोपेत चालतो का मी?”

लेकीने आईकडे पाहिलं.

“या कॅमेऱ्याला आवाज असतो,” काका म्हणाले. “तू काढून टाकलायस. लाव.”

“बाबा, कशाला?”

“लाव म्हणतो ना!”

तिने मूळ व्हिडिओ लावला. खरखर झाली, मग दारावर टकटक. मग त्यांचा स्वतःचा आवाज, अगदी सभ्य, परक्या घरी गेल्यावर माणूस बोलतो तसा.

“कोण आहे आत? मला जरा घरी सोडता का कोणी? माझी बायको वाट बघत असेल.”

आणि कडी लावलेल्या दाराआडून काकूंचा आवाज. “सकाळी सोडू हं. आता उशीर झालाय. तुम्ही झोपा जा.”

“बरं, बाई. तुम्हाला त्रास दिला.”

झोपेत बडबडणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. चांगला जागा होता तो माणूस. फक्त आपण आपल्याच घरात आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. काकांना इतकी भीती कधी वाटली नव्हती. चोर असता तर कुलूप होतं, आणि वडील असते तर हात जोडले असते. हा माणूस बाहेरून येतच नव्हता. त्याला अडवायला कुठलं दार बंद करायचं? आज अंधार पडला की तो पुन्हा येईल, आणि तो आला की आपण कुठे जातो?

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“होतं अधूनमधून,” काकू म्हणाल्या. “पहिल्या वेळी मी दार उघडलं होतं. तुम्ही मला बघून इतके दचकलात, की मीच किंचाळले.”

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ, बाबा,” लेक म्हणाली. “मी रजा टाकलीय.”

“जाऊ.” मग काकूंकडे न बघता त्यांनी विचारलं, “तू मला भितेस?”

“भिते,” काकू म्हणाल्या. लपवाछपवी करण्याइतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. “अंधारात नुसता आकार दिसतो हो. तोंड दिसत नाही. तुम्ही नुसते पाणी प्यायला उठलाय, की तो आलाय, काही कळत नाही. कडी काढायला हात धजावत नाही. मग आत बसून रडते.”

“आणि तोंड दिसलं तर?”

काकूंनी विचार केला. “तोंड तर तुमचंच असेल ना? मग उघडेन.”

काका उठले. स्टुडिओच्या जुन्या सामानात त्यांनी खुडबुड केली आणि एक छोटा बल्ब काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली. पॅसेजमध्ये वर एक रिकामं होल्डर वर्षानुवर्षं तसंच होतं. स्टूल ओढून ते चढायला लागले. लेक म्हणाली, मी लावते, तुम्ही उतरा. त्यांनी ऐकलं नाही. बल्ब दोनदा होल्डरला लागून निसटला. काकू धावल्या आणि त्यांनी आधी स्टूल, मग काकांचे दोन्ही पाय घट्ट धरले.

“हा बंद करायचा नाही,” काका वरून म्हणाले. “कधीच नाही. मी कितीही सांगितलं तरी नाही. विजेवरून कटकट करेन मी, मला माझा स्वभाव माहीत आहे. ऐकायचं नाही.”

“बरं.”

“आणि तो आला, तर त्याला... त्याला ओरडू नका. त्यालाही भीती वाटत असेल.”

बल्ब बसला. लेकीने बटण दाबलं. पॅसेजमध्ये पिवळा, मंद उजेड पडला. तिच्या हातातल्या फोनवर राखाडी भिंतींना रंग चढला, पांढरा स्वेटर काळा झाला, आणि त्यावर एका घाबरलेल्या, घामेजलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसायला लागला.

“उतरा आता,” काकू म्हणाल्या, पण धरलेले पाय काही त्यांनी सोडले नाहीत.