चार सूत आत

जुन्या गाड्यांच्या रविवारच्या फेरीत संयोगितानं नाव दिलं होतं. गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी. आजोबांची १९३८ची गाडी ती स्वतः चालवणार होती. वडील विजयसिंह यांची अट एकच: चाकं नीट झाली, तरच किल्ली मिळेल.

चाकं उद्यमनगरात रुद्राप्पा मिस्त्रींकडे होती. वर्ष १९९७. हवा गेलेल्या टायरांवर गाडी वीस वर्षं उभी, त्यामुळं चारही रिमा वाकल्या, गंजल्या होत्या. रुद्राप्पांनी मधल्या तबकड्या ठेवल्या, रिमा काढून टाकल्या आणि नव्या वळवून रिव्हेट मारले. तबकडी रिमेत किती खोल बसवायची, ते माप वाकड्या चाकांवर मिळेना. ते स्टेपनीवरून घेतलं. ती एकटीच सरळ होती.

गुरुवारी चाकं चढवली. जॅकवर फिरवली, तर एकही डगमगलं नाही. मग संयोगितानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि टायर आतल्या दांड्याला घासला.

"अण्णा, घाटात मी वळायचं की न्हाय?"

"वळशिला की ताईसाब. आधीच हॉर्न वाजवू नगासा."

रुद्राप्पांनी पट्टी लावली. चाक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आत बसत होतं. पण चारही चाकं स्टेपनीशी तंतोतंत जुळत होती. तेव्हा त्यांनी स्टेपनीचाच रंग खरवडला. बोल्टांच्या भोकांमध्ये पाच गोल टिकल्या दिसल्या. जुनी भोकं भरून नवी पाडलेली. चाक दुसऱ्याच गाडीचं होतं.

"कुणी केलं हे?"

"मीच. चौऱ्याहत्तर साली. तुमच्या आजोबास्नी स्टेपनी मिळत नव्हती."

"आणि विसरलासा?"

"सांधाच दिसंना की. परवा हातात घेतली तवा म्हटलं, कंपनीचं काम, बेस हाय."

"मग कंपनीवर केस घालू?"

"घाला. शनिवारपातूर कंपनी चाकं देती."

सगळे रिव्हेट ड्रिलनं काढले. या वेळी माप गाडीवरच घेतलं. नुसती तबकडी चढवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून, दांड्यापासूनचं अंतर तीनदा मोजलं. मग नव्या मापानं रिव्हेट पुन्हा मारले.

शनिवारी दुपारी विजयसिंह आले. आत बसून त्यांनी स्टिअरिंग डावीकडं, उजवीकडं शेवटपर्यंत फिरवलं, उतरून वाकून पाहिलं आणि खिशातली किल्ली मुलीच्या हातात दिली.

रविवारी दुपारी साडेबाराला रुद्राप्पांच्या घरचा फोन वाजला. संयोगिता वैभववाडीच्या एसटीडी बूथवरून बोलत होती.

"अण्णा, कुठंबी घासलं न्हाय."

"म्हाईत हाय," रुद्राप्पा म्हणाले आणि फोन ठेवून जेवायला बसले.