पाच नंबरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. वय विचाराल तर जेमतेम नऊ वर्षं, पण उन्हाने माझा निळा रंग उडाला, एक कोपरा गंजला, म्हणून लोक मला जुनीच म्हणतात.

मित्रांनो, हट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका गुरुजींनी गावात होऊन गेलेल्या सात नामवंतांच्या घरांचा नकाशा छापला. नकाशा हातात घ्यायचा, आपलं आपण चालायचं आणि प्रत्येक घरापाशी पाटी वाचायची. पाच नंबरला मी होते. माझ्यावर लिहिलं होतं, 'जनकाबाई, सुईण. गावातली बाराशे लेकरं यांच्या हातून जन्मली.'

बौद्ध वस्तीतलं ते दोन खोल्यांचं घर. जनकाबाई गेल्यावर त्यांची विधवा सून मिराबाई तिथे एकटीच राहायची. नकाशा घेऊन कुणी आलं की ती आधी पाणी द्यायची, मग सासूविषयी सांगायची. ज्या घरांनी जनकाबाईंना मागच्या दाराने बोलावलं, त्या घरांतली लेकरंही पहिल्यांदा त्यांच्याच हातात रडली. ऐकणारे गहिवरायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. हे घर आता कुणी विसरणार नाही, असं मला वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. माझ्या खालीच भिंतीवर कुणीतरी लाल फुली मारून गेलं. घराचा कागद मिराबाईकडे नव्हता. तिला घर रिकामं करायला आठ दिवसांची मुदत मिळाली.

सातव्या दिवशी तिने मला खिळ्यांवरून उतरवलं, पदरात गुंडाळलं आणि नकाशातल्या बाकीच्या सहाही घरी, घर पाडू नये अशा अर्जावर सही मागत फिरली. वकिलांच्या नातवाने आता उशीर झाला म्हणून सांगितलं. पहिलवानांच्या घरी चहा मिळाला, सही मिळाली नाही. दोन दारं उघडलीच नाहीत, एका घरी पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तीन नंबरच्या म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी मात्र मला मांडीवर घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मीबी तिच्याच हातची हाय," त्या म्हणाल्या आणि सही केली.

एका सहीचा अर्ज घेऊन मिराबाई कचेरीत गेली. साहेब वाईट नव्हते. पाटी वाचनालयात नीट लावू, घराचं मात्र काही करता येणार नाही, असं त्यांनी समजावलं.

"पाटी ठेवता अन् घर पाडता," मिराबाई म्हणाली. "मंग मी कुठं राहू, साहेब?"

साहेबांनी अर्ज फाइलमध्ये लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाडायचं यंत्र आलं. द्वारकाबाई उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या, त्यांना पोलीसबाईने दंडाला धरून उठवलं. मिराबाई मला छातीशी धरून रस्त्यापलीकडे उभी होती. तिच्या काळजाची धडधड माझ्या पत्र्यावर आदळत होती. पहिली भिंत कोसळली. दुसरी पडेपर्यंत ती हळू आवाजात एवढंच म्हणत राहिली, "थांबा हो. जरा थांबा."

कुणी थांबलं नाही.

मिराबाईने मला वाचनालयात दिलं नाही. आता आम्ही दोघी गावाबाहेर भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत आहोत. मी पिठाच्या डब्यामागे, वाचायला कुणी नाही. गावात तोच नकाशा अजून वाटतात.

मित्रांनो, मोठ्या माणसांची आठवण जरूर ठेवा. पण घरावर पाटी ठोकण्याआधी दार वाजवा, आत कोण राहतं ते विचारा आणि त्याच्यावर वेळ आली तर सही करा. मला लटकायला एक भिंत पुरते. मिराबाईला चार लागतात.