राजदूतांना शहाळं नाही

राजदूतसाहेब राहायचे तिकडे फिजीत, सुवाला आणि त्यांच्या वाट्याला देश होते पाच, सगळे इवल्याइवल्या बेटांचे! किरिबातीतल्या या गावात ते वर्षातून एकदा उगवायचे. मागच्या खेपेला "शाळेला पाण्याची टाकी नक्की" म्हणाले, आणि मग उरलेल्या चार देशांच्या गडबडीत टाकी गेली विसरून. इकडे विहीर खारट झालेली. यंदाही टाकी आली नाही तर शाळा बंद, पोरं राजधानीत. आणि त्याच शाळेतल्या रेरेआओला गाव सोडून कुठ्ठेही जायचं नव्हतं.

"आजोबा, यंदा त्यांना विहिरीचं पाणी द्यायचं."

"डोकं फिरलंय का? पाहुण्याला शहाळं नाही? शेजारचं गाव दात काढेल."

"दरवर्षी शहाळं पिऊनच जातात! त्यांना वाटत असेल, आपण आंघोळही शहाळ्यानंच करतो."

आजोबा गावातले सगळ्यात वडीलधारे. ते फक्त हुंकारले. नाही म्हणाले नाहीत, बस्स!

मानेआबात, म्हणजे गावबैठकीच्या मोठ्या छपराखाली, पोरींनी बोलायचं नसतं. पण वाढायला कोण अडवतंय? नाच झाला, स्वागत म्हणून साहेबांच्या मानेला पावडर फासून झाली, आणि रेरेआओनं पाण्याची करवंटी पुढे केली. बायकांमध्ये कुजबुज उठली, "अगं बाई, शहाळं कुठाय?"

साहेब घटाघटा प्यायले. राजदूतच तो! भुवईसुद्धा हलली नाही.

"वा, छान!"

रेरेआओचा चेहराच पडला. पण पाहुण्याची करवंटी रिकामी ठेवायची नाही ही गावची रीत. तिनं पुन्हा भरली, काठोकाठ.

ही मात्र घशाखाली जाईना. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा घोट कसाबसा उतरला, तर रेरेआओचा तांब्या तिसऱ्यांदा वाकलेला! त्यांनी करवंटीवर हात ठेवला.

"तुम्ही... हे पिता?"

"रोज," रेरेआओ म्हणाली. मानेआबात. मोठ्यानं.

"श्श्श! कार्टे!" मागून कोणीतरी फिसकारलं.

"गप्प का करता तिला?" आजोबा कडाडले. "रोजच पितो. पोरी, ओत."

साहेबांनी हात काढला नाही. ते तसेच वळून आपल्या मदतनिसाला म्हणाले, "पुढचे दौरे थांबव. आधी इथली टाकी बोटीवर चढव. बसवायला मी स्वतः येणार."

"या की," आजोबा म्हणाले. "तेव्हा शहाळं."