नव्या डोळ्याला कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पण पंख्याची किंवा पंपाची नव्हे हं! त्या बटण दाबलं की गरागरा फिरत सुटतात. माझं तसं नाही. मला हुकूम लागतो. 'एवढंच पुढे जा' म्हटलं की तेवढंच जाणार, केसभरही जास्त नाही. उगाच नाही मला काल्हेरच्या कापड संशोधन केंद्रात जागा मिळाली!

भिवंडीच्या लूमवर विणलेलं कापड तिथे तपासायला येतं. ते लांबलचक टेबलावर पसरलं की त्याच्यावरून कॅमेऱ्याची गाडी हळूहळू ओढायची, हे माझं काम. कुठे धागा तुटलाय, कुठे ग्रीसचा डाग पडलाय, सगळं कॅमेरा टिपतो. कौतुकही त्याचंच होतं. ओढणारीला कोण विचारतं म्हणा! तरी मी वर्षानुवर्षं आनंदानं राबले.

२००६ साली केंद्राचे प्रमुख भूपेश सर म्हणाले, "सगळी यंत्रणा बदलून टाकू." पण आमच्या इंजिनिअर, राहनाळच्या मेघाली मॅडम, माझ्यासाठी भांडल्या. "सर, मोटर चांगली आहे. तिला हुकूम देणारी पेटी तेवढी जुनी झालीय. तीच बदलू या."

"बघ हं," सर म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लूमवाले बघायला येणार. त्यांच्यासमोर अडकली, तर थेट भंगारात."

मग काय थाट माझा! नवी पेटी आली. माझा ताप, माझा वेग, माझी थरथर, सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसू लागलं. लाजच वाटायची बाई! टेबलाच्या टोकाला एक इवलासा डोळाही बसवला. त्यातून उजेड निघतो. गाडी तिथवर गेली की उजेड अडतो आणि पेटी मला सांगते, 'पोहोचलीस, थांब.'

दसऱ्याला आमच्या भिवंडीत यंत्रांना सुट्टी आणि पूजा. केंद्राची झाडलोट करणाऱ्या ठमाबाईंनी मला झेंडूचा हार घातला. नव्या डोळ्याचं तर त्यांना केवढं अप्रूप! "नवा पावना हाय," म्हणत त्यांनी त्याला बोटभर कुंकू फासलं.

दुसऱ्या दिवशी लूमवाले जमले. मेघाली मॅडमनी बटण दाबलं. मी जागची हलले नाही!

"मॅडम, आज इसकी भी छुट्टी है क्या?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. भूपेश सरांचा चेहरा उतरला. "सांगितलं होतं ना, मेघाली? काढा ती मोटर."

अहो, मी हलणार कशी? पेटीच मला 'थांब' म्हणत होती! ओरडून सांगावंसं वाटलं, पण मोटरीला कुठलं आलंय तोंड. पाना माझ्या बोल्टला लागलासुद्धा. भीतीनं मी गार पडले.

"थांबा!" मेघाली मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "इथे तर दाखवतंय, गाडी टोकाला पोहोचली. पण ती टेबलाच्या मधोमध उभी आहे!" त्या टोकाकडे धावल्या. बघतात तर डोळा लालभडक!

ठमाबाईंनी जीभ चावली. "अगो बाय! मीच लावलंय ना ते. त्याला दिसत न्हाय काय आता?" आणि त्यांनी पदरानंच डोळा पुसला.

पुन्हा बटण दाबलं. अशी निघाले म्हणता, अशी निघाले! टोकाला जाऊन अचूक थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मेघाली मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. सैल झालेला माझा बोल्ट भूपेश सरांनी स्वतः आवळला.

मित्रांनो, हार-कुंकवानं मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पूजेच्या दुसऱ्या दिवशीही आमच्याकडे या, हातात फडकं घेऊन या. आणि आमच्यातलं कुणी अडून बसलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा जवळ येऊन विचारा, "काय गं, काय झालं?"