मैराळचं आवतण

राणीसावरगावात चंद्रभानच्या मैराळएवढा बैल दुसरा नव्हता, आणि हे चंद्रभान स्वतःच दिवसातून चारदा सांगायचा. लालकंधारी, अंगानं तांबडा, उभा राहिला की पलीकडचा माणूस दिसायचा नाही. पण माणसाचं समाधान होतं का कधी? मोबाईल आला आणि चंद्रभानच्या डोक्यात जग शिरलं. इटलीतला पांढरा बैल चौकटीएवढा उंच, कुठल्याशा देशातला कुत्र्याएवढा ससा, अमेरिकेतला घोडा, ज्याच्यावर चढायला शिडी लागावी. ओट्यावर बसून तो हे बघायचा, आणि मग मान वळवून मैराळकडं बघायचा.

"इटलीवाल्यापुढं आपला लेकरू दिसायलाय," तो एकदा बायकोला म्हणाला.

"इटलीवाल्याला कुणी बाटलीनं दूध पाजलंय का, ते इचारा आधी," कडूबाई म्हणाली. मैराळची माय तो वासरू असतानाच गेली होती. कडूबाईला मूलबाळ नव्हतं. तिनंच त्याला शेळीच्या दुधावर जगवलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताडकळसला जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं. सगळ्यात वजनदार बैलाच्या मालकाला फेटा बांधणार, दोघांचा फोटो काढणार. तो फोटो मोबाईलवरून पार इटलीपर्यंत जाणार, हे चंद्रभाननं मनाशी पक्कं केलं होतं. काट्यावर उभं करायचं तर पोट गच्च भरलेलं पाहिजे, हेही त्याचंच गणित.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी झाली. मैराळच्या खांद्याला हळद-लोणी चोळत तो रीतीप्रमाणं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि पोळ्याच्या दिवशी बायका घरी पुरण वाटत होत्या, तेव्हा ह्यानं पाहुण्याला आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात, आधीच जेवू घातलं. गव्हाचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं आणि घमेल्यावर घमेलं पुढं सरकवलं. मैराळ खात गेला. आपल्या माणसानं दिलेलं जनावर नाही म्हणत नाही. अति तिथं माती, हे चंद्रभानला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण हौस आली की शहाणपण दाराबाहेर चपला शोधत बसतं.

संध्याकाळी वाजतगाजत बैल घरी आले. कडूबाईनं ओवाळलं आणि स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या भरवल्या. शेवटची त्यानं तोंडातून खाली टाकली. "पोट भरलं गुलामाचं," म्हणत ती हसली.

सकाळी मैराळ उठेना. डावी कूस फुगलेली, नजर मेलेली. गंगाखेडहून जनावरांची डॉक्टर संघप्रिया आली. मोठी थेट बोलणारी बाई.

"काय काय खाल्लं यानं?"

"माझ्या हातच्या पोळ्या," कडूबाई म्हणाली. "पाच."

"पाच पोळ्यांनी एवढा बैल बसत नाही, मावशी." डॉक्टर चंद्रभानकडं वळली. "काका, दाणा, पीठ असं काही पोटात गेलंय का? गेलं असेल तर पोट उघडून काढावं लागेल, आणि ते आत्ताच."

अंगणात गल्ली जमली होती. फेट्याच्या हावेपायी बैल बसवला, असं हे लोक उद्या पारावर म्हणतील, एवढंच चंद्रभानला दिसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "चारा अन् पोळ्या. दुसरं काय न्हाई."

डॉक्टरनं सलाईन लावलं, खाण्याचा सोडा पाजला, कमीजास्त झालं तर लगेच कळवा म्हणाली आणि गेली. मोबाईल दुपारभर चंद्रभानच्या हातात होता. तिसऱ्या प्रहरी घरामागं जाऊन एकदाचा त्यानं तिला फोन लावला आणि पिठाचं सांगितलं.

"सकाळी सांगायचं होतं, काका. निघते मी."

ती पोचायच्या आत मैराळनं मान टाकली. चंद्रभाननं फोन करून तिला वाटेतूनच परत पाठवलं.

आखाड्याशेजारी खड्डा घेतला. नवं कापड घातलं, नारळ वाहिला. कडूबाई ऊर बडवून रडत होती. "माझ्या हातानं मारलं मी त्याला. ह्याच हातानं."

सगळं गाव बघत होतं. चंद्रभान पुढं झाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे, कडू. तू मायेनं चारलंस. मी तुला कायबी बोलणार न्हाई."

किती सहज निघालं तोंडातून! शेजारची कमलबाई डोळे पुसत म्हणाली, "नवरा असावा तर असा. दुसऱ्यानं जीव घेतला असता." चंद्रभानला वाटलं, त्या खड्ड्यात आपणच उतरावं.

त्या दिवसापासून कडूबाई त्याला जास्तच जपायला लागली. गरम भाकरी, अंघोळीला कढत पाणी, रोज सकाळी पाया पडणं. खाई त्याला खवखवे. भाकरी अर्धी टाकून तो उठायचा, रात्रीचा डोळा लागेना, आणि तिला वाटायचं बैलाच्या दुःखानं माणूस खंगायलाय.

मग महालक्ष्म्या आल्या. पुरणाशिवाय नैवेद्य नाही. कडूबाईनं हरभऱ्याची डाळ मोजून कमलबाईकडं पाठवून दिली.

"का गं?" चंद्रभाननं विचारलं.

"ह्या हाताचं पुरण देवीला नको. आता जल्मात न्हाई शिजवायची मी."

चंद्रभान चुलीपाशी येऊन बसला.

"पोळ्यांनी न्हाई मेला तो. पीठ म्या घातलं. आखाड्यावर, गुळाच्या पाण्यात. वजनासाठी."

कडूबाई त्याच्यासमोर खाली बसली. "डाक्टरबाईनं इचारलं तवा का न्हाई बोलला?"

"लाज वाटली."

"अन् मी ऊर बडवायलते तवा?"



तिनं आपले दोन्ही हात पुढं धरले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि पदराला पुसले. आवाज चढला नाही तिचा.

"तुमी मला माफ केलतं. मी रोज तुमच्या पाया पडले त्यापायी." ती उठली. "ती माफी वापस घ्या. गावापुढं दिलती, गावापुढंच वापस घ्या."

तेवढ्यात कमलबाई डाळीची पाटी घेऊन दारात आली. डाळ भिजत घालू का, असं ती विचारत होती. कडूबाईनं तिच्या हातातून पाटी घेतली आणि चंद्रभानकडं बघत म्हणाली, "गाव दारात आलंय. बोला आता."