नमुन्याची बाटली

नव्या बाटलीचा नमुना हातात जड लागावा लागतो. रिकामी बाटली कितीही देखणी असली तरी कुणाला पटत नाही. म्हणून आम्ही डिझाइनवाले तिच्यात मिळेल ते भरतो. मी घरातलाच शांपू भरला आणि बाटली बाथरूममध्येच विसरले.

सकाळी सासूबाई ओले केस पुसत माझ्यासमोर उभ्या. "हा शांपू कुठून आणलास गं? केस कसे मऊ झालेत. त्या जुन्याने नुसते गळत होते."

"आई, हा जुनाच आहे. बाटली तेवढी नवी. मीच भरलाय."

"मला शिकवू नकोस." त्यांनी दोन्ही बाटल्यांतला थोडा थोडा शांपू दोन तळव्यांवर घेतला आणि माझ्या नाकाशी धरला. "घे वास."

मला हसू आवरेना. अशी गिऱ्हाइकं आहेत म्हणून तर आमची चूल पेटते. मी डावा तळवा हुंगला, मग उजवा, नव्या बाटलीतला. मग पुन्हा डावा. हसू कुठल्या कुठे पळालं. उजव्याचा वास खरंच छान होता. पण भरला तर मीच होता, याच हातांनी. भरला होता ना?

"पटलं?" सासूबाई म्हणाल्या. मी उगाचच त्यांच्यावर खेकसले.

नमुना कारखान्यात पाठवायचा होता आणि तिथे तो रिकामाच लागतो. मी जुन्या बाटलीचं झाकण काढलं. पण इतका चांगला शांपू त्यात ओतून नासवायला हात धजेना. शेवटी स्वयंपाकघरातून एक स्वच्छ बरणी घेऊन आले.