उज्जैनला आलेला समुद्र

थांबा, चपला काढता काढता दोन मिनिटं माझं ऐका. मी मराठी मंडळाच्या जिन्यापाशी टांगलेला भित्तिफलक बोलतोय. देवास गेट बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं घर. फळी साधीच, पण अंगावर इथल्याच भैरवगडच्या प्रसिद्ध छापाचं लाल कापड आहे. त्याचा मला जरा तोराच आहे.

मुलांनी लिहिलेलं माझ्यावर टाचायचं आणि त्याखाली एक कोरा कागद लावायचा, ही इथली रीत. वाचणाऱ्यानं त्यावर एक तरी ओळ लिहायचीच. मग मोबाईल आले. मुलं तिकडे रमली आणि माझ्या वाट्याला हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना आल्या.

यंदा गणेशोत्सवात 'माझं गाव' या विषयावर स्पर्धेसाठी लेख मागवले. दहावीतल्या निहारिकानं लिहिलं, 'समुद्राची गाज ऐकत मी जागी होते.' इन्स्टाग्रामवरून जसंच्या तसं उचललेलं! खालच्या कागदावर मंडळातल्या श्रीकांतकाकांनी खवचटपणे विचारलं, 'उज्जैनला समुद्र कधी आला?'

पोरगी रडवेली होऊन लेख काढायला आली. स्पर्धेचं काम पाहणाऱ्या नंदाकाकू तिथेच होत्या.

"काकू, मी आता कधीच लिहिणार नाही."

"पण स्वतःचं का नाही लिहिलंस?"

"माझी मराठी मिक्स आहे ना. इन्स्टावर सगळे किती शुद्ध लिहितात! मला लाइक कोण देणार?"

"अगं, आपण सगळेच असं बोलतो. तुला सकाळी जाग कशानं येते, तेवढंच लिही बरं."

दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. 'बसवाले इंदौर-इंदौर ओरडतात, तेव्हा माझी झोप खुलते. आई म्हणते, ऊठ, पोहे थंडे होऊन राहिलेत.' किती दिवसांनी माझ्यावर कुणीतरी खरंखुरं बोललं! मी भरून पावलो.

खाली पहिली ओळ श्रीकांतकाकांचीच होती, 'बेटा, माझीपण झोप अशीच खुलते.'

निहारिकानं त्याचा फोटो मोबाईलवरून इन्स्टाग्रामवर टाकला. लहानपणी माझ्यावर लिहिणाऱ्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या ऋतानं लगेच विचारलं, 'आपला फलक अजून आहे?'

आहे गं बाई, आहे. मोबाईलवरचा माझा राग त्या दिवशी गेला. एवढ्या लांबून त्यानं माझी माणसं आणून दिली, त्याचे उपकार मी कसे विसरू?

आज निहारिका दुसरा लेख टाचून गेलीय. त्याखालचा कागद अजून कोरा आहे. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.